पावसाळ्यात मिठाचे स्फटिक वाढतच नाहीत: शाळेच्या प्रयोगशाळेसाठी उपाय हवेत

सागरगोटा | ११ जुलै, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या एका माध्यमिक शाळेत मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. शाळा सुरू झाली की मुलांना सगळ्यात आधी हवे असतात ते मिठाचे स्फटिक. यंदा प्रत्येक गटाला एकेक बीकर दिलं आहे.

कृती नेहमीचीच. १०० मिली कोमट पाण्यात खडे मीठ थोडं थोडं टाकत ढवळायचं, विरघळायचं थांबलं की थांबायचं. साधारण ३६ ग्रॅम मीठ जातं. मग गाळणकागदातून गाळायचं, कारण खड्यांत माती असते. पुड्यातलं बारीक मीठ मी मुद्दाम घेत नाही. ते मोकळं राहावं म्हणून त्यात जे घातलेलं असतं त्याने बऱ्याचदा द्रावण गढूळ होतं आणि स्फटिकांचा आकारही बिघडू शकतो. गाळलेलं थोडं द्रावण बशीत ओतून ठेवायचं. तळाशी कण दिसायला लागले की त्यातला नितळ, चौकोनी, एकटा वाढलेला कण चिमट्याने उचलायचा, तंगुसाला (नायलॉनच्या दोऱ्याला) बांधायचा आणि बीकरमधल्या द्रावणात सोडायचा. सुती दोरा नको, त्याच्या प्रत्येक तंतूवर नवे कण धरतात आणि शेवटी हाती गुच्छ येतो.

बशीतले कण मी मे महिन्यातच करून डबीत ठेवले होते, त्यामुळे मुलांना ते तयार मिळाले. अडचण पुढची आहे. पाणी आटतच नाही. बीकरवर मार्करने पातळीची खूण केली होती. ती खाली जायच्या ऐवजी दोन गटांची पातळी खुणेच्या वर गेली आहे, आणि तंगुसाला बांधलेला कण बारीक होत होत गळून पडला. मुलं म्हणतात, "बाई, कोणीतरी पाणी ओतलं." कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्याकडे. जालन्याला शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीकडे हीच कृती याच दिवसांत नीट चालू आहे.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, हे नेमकं का होतं ते आठवीच्या मुलांना पटेल असं. दोन, आमची तासिका ३५ मिनिटांची. तेवढ्या वेळात मुलांना स्फटिक तयार होताना डोळ्यांनी बघता येईल असं काही आहे का? तयार स्फटिक दाखवायला माझ्याकडे आहेत. होताना बघणं ही वेगळी गोष्ट आहे.

रसायनी | ११ जुलै, रात्री १०:४५

ताई, तुमच्या मुलांचं निरीक्षण शंभर टक्के खरं आहे. पाणी ओतलंय, हवेने ओतलंय.

मिठाच्या संपृक्त द्रावणाचा (ज्यात आणखी मीठ विरघळत नाही) एक ठरलेला आकडा आहे: ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावेल त्याच्या ७५ टक्के वाफ. हवा याहून कोरडी असेल तर द्रावणातलं पाणी हवेत जातं. याहून दमट असेल तर उलटा प्रवास सुरू होतो, हवेतली वाफ द्रावणात उतरते. साधं पाणी १०० टक्के आर्द्रतेपर्यंत सुकत राहतं. मिठाच्या पाण्यात मात्र सोडियम आणि क्लोराइडचे आयन (विद्युतभारित कण) पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात, त्यामुळे पृष्ठभागावरून सुटणाऱ्या रेणूंची संख्या साधारण पाव हिश्श्याने घटते. म्हणून ७५.

जुलैत कोकण किनाऱ्यावर आर्द्रता बहुतेक वेळ ८० ते ८५ च्या वरच असते. बीकर उघडं ठेवलंत की द्रावण पाणी ओढून घेतं, पातळ होतं, म्हणजे संपृक्त राहत नाही. मग ते आतला कण विरघळवून ती तूट भरून काढतं. जालन्यात उघडीप पडली की दुपारची हवा ७५ च्या पुष्कळ खाली येते, म्हणून मैत्रिणीकडे जमतंय.

मुलांना हे आधीपासून ठाऊक आहे. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं हे कोणत्या घरात माहीत नाही? खडे मिठाला जास्त सुटतं, कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो आणि ते सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढायला लागतं. एक करून बघा: तव्यावर भाजून कोरडं केलेलं मीठ बशीत पसरा, प्रयोगशाळेच्या तराजूवर वजन करा आणि रोज एका ठरावीक वेळी तेच वजन नोंदवा. जुलैत आलेख वर चढेल, हिवाळ्यात खाली येईल. तुमच्या शाळेला हा प्रयोग जालन्याच्या शाळेपेक्षा चांगला जमेल!

स्वरालीची आई | १२ जुलै, सकाळी ७:१०

धागा अगदी वेळेवर आला. मुलगी सहावीत आहे, आम्ही पुण्यात. तुरटीचं द्रावण गरम करून गार केलं तर एका रात्रीत काचेसारखे खडे मिळाले. तसंच मिठाचं केलं तर दुसऱ्या दिवशी काहीच नाही, नुसतं खारं पाणी. पुण्यात तर इतका दमटपणाही नाही. मग का?

चंचुपात्र | १२ जुलै, दुपारी १:३०

(मी कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे, स्फटिकांची बीकरं सांभाळणं हे रोजचं काम.)

स्वरालीची आई, तुमच्याकडे जे झालं त्यात मिठाचा स्वभाव आहे, करण्यात काही चूक नाही. आकडे बघा.

तुरटी १०० मिली पाण्यात २० अंशांना सुमारे १४ ग्रॅम विरघळते, ५० अंशांना जवळजवळ ३७ ग्रॅम. म्हणजे ५० अंशांचं संपृक्त द्रावण गार होताना २० ग्रॅमच्या वर तुरटीला बाहेर पडावंच लागतं. मोरचूदही (निळं कॉपर सल्फेट) तसाच: २० अंशांना ३२ ग्रॅम, ६० अंशांना ६२ च्या आसपास.

आता मीठ. ० अंशाला ३५.७ ग्रॅम, २५ अंशांना ३६, आणि पार १०० अंशांना ३९. उकळतं संपृक्त द्रावण बर्फाइतकं गार केलंत तरी फक्त तीन-साडेतीन ग्रॅम मीठ सुटणार, तेही बारीक चुऱ्याच्या रूपात. मिठाचा स्फटिक गार करून मिळत नाही, पाणी उडवूनच मिळतो. पुष्कळ पुस्तकांत "गरम करा, गार करा" ही एकच कृती सगळ्या क्षारांना लावलेली असते. ती मिठाला लागू नाही, आणि मुलांचा हिरमोड तिथेच होतो.

हातच्या काही गोष्टी सांगतो. बीकरच्या काठाला आतून व्हॅसलीन लावा. नाहीतर द्रावण काचेवरून वर चढतं, काठावर सुकतं, त्या सुकलेल्या मिठातून आणखी वर चढतं आणि दोन आठवड्यांत पांढरं मीठ बाहेरच्या बाजूने टेबलावर उतरतं. वर सच्छिद्र कागद बांधा, धूळ पडली की प्रत्येक धूलिकणावर एक नवा स्फटिक. तळाशी आगंतुक कण जमले की द्रावण दुसऱ्या बीकरमध्ये गाळून घ्या आणि तुमचा निवडलेला स्फटिक त्यात परत सोडा. त्याआधी त्याला नुसत्या पाण्याने धुवायचं नाही, द्रावणानेच धुवायचं.

बांधायचा कंटाळा असेल तर स्फटिक तळाशी ठेवूनही वाढतो, पण मग तो घन होत नाही, चौकोनी वडी होते. खालच्या पृष्ठाला द्रावण पोचत नाही. बाजू दोन्हीकडून वाढतात आणि उंची एकाच बाजूने, म्हणून उंची रुंदीच्या निम्मी भरते. रोज एकदा चिमट्याने उलटा करत राहिलात तर घन मिळतो. मुलांना हे आधी सांगू नका. वड्या जमू द्या, मोजपट्टीने मोजू द्या, निम्म्याचं कोडं त्यांचं त्यांना सोडवू द्या.

सागरगोटा | १२ जुलै, रात्री ८:००

रसायनी, चंचुपात्र, मनापासून आभार. ७५ चा आकडा आज वर्गात सांगितला. एका मुलीने लगेच विचारलं, "मग खोलीतली हवा ७५ च्या खाली आणता येईल का?" हाच प्रश्न मी इथे ठेवते. सिलिका जेल वगैरे आमच्या बजेटमध्ये बसत नाही.

रसायनी | १२ जुलै, रात्री ९:१५

खोलीची नको, खोक्याची आणा. सापेक्ष आर्द्रता कमी करायला हवेतलं पाणी काढायलाच हवं असं नाही, हवा तापवली तरी पुरतं. २७ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ३५ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ५४ च्या आसपास येते. वाफ तेवढीच आहे, पण ३५ अंशांच्या हवेला जवळजवळ दीडपट वाफ मावते.

एक लाकडी खोकं किंवा जुनं कपाट घ्या, खालच्या बाजूला ४० वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावा. एलईडी चालणार नाही, त्याची उष्णता पुरत नाही. कोंबडीची पिल्लं उबवणाऱ्यांकडे असे बल्ब अजून मिळतात. खोक्याला खाली आणि वर, दोन्हीकडे भोकं हवीत. बंद खोक्यात बीकरमधून उडालेली वाफ साठते आणि परत ७५ ला येऊन सगळं थांबतं. वायरिंग शिपाईमामांकडून किंवा वायरमनकडून करून घ्या, मुलांच्या हाती नको, आणि खारं पाणी बल्बच्या वर कधीही ठेवू नका. बाजूला ठेवा.

बल्ब रात्री बंद करत असाल तर वरची भोकं झाका, नाहीतर दिवसा कमावलेलं रात्री जाईल.

आगरातली | १३ जुलै, रात्री ११:०५

उरण-पेण पट्ट्यातली आहे, आजोबांचं मिठागर होतं. तुमची चर्चा वाचून राहवलं नाही, कारण तुम्ही बीकरमध्ये जे करता आहात ते आमच्याकडे एकरांवर चालायचं.

पाऊस संपला की बांध नीट करायचे, तळ चोपून घट्ट करायचा, उधाणाच्या भरतीचं पाणी आत घ्यायचं. समुद्राच्या एक किलो पाण्यात सगळे क्षार मिळून ३५ ग्रॅम असतात. ते पाणी एका उथळ खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवत न्यायचं आणि उन्हावाऱ्याने घट्ट करायचं. वाटेत आधी चुन्याचे क्षार बसतात, मग जिप्सम. पाणी मूळच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर आलं की मीठ धरायला लागतं. सगळं पाणी आटवायचं नसतं. शेवटी उरतं त्या कडू पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते वेळेवर काढून टाकायचं, नाहीतर मीठ कडवट आणि सदा ओलं. रसायनींनी ३३ टक्क्यांचं लिहिलंय ते वाचून आजोबांचा आग्रह आठवला. ते पाणी सोडून द्यायला एक दिवस जास्त झाला तर ते अख्ख्या घरावर रागवायचे.

मला सांगायचंय ते निराळंच. वारा पडलेल्या दुपारी खाचरातल्या पाण्यावर मिठाची पातळ साय धरते. जवळून बघितलं तर ती साय म्हणजे चौकोनी, पोकळ, उलटे पिरॅमिड असतात, टोक पाण्यात आणि तोंड वर. लहानपणी आम्ही ते तळहातावर घ्यायचो, श्वास लागला तरी मोडायचे. ते तरंगतात कसे? मीठ तर पाण्यात बुडायला हवं ना?

भिंगवाला | १४ जुलै, सकाळी ६:५०

आगरातली, काय सुंदर प्रश्न! आणि सागरगोटाताई, तुमच्या ३५ मिनिटांच्या तासिकेचं उत्तर यातच आहे, म्हणून सविस्तर लिहितो. नागपूरकडे शाळांतून सूक्ष्मदर्शकाची शिबिरं घेतो.

आधी पिरॅमिड. पृष्ठभागावरून पाणी उडतं, म्हणून द्रावण तिथे सगळ्यात घट्ट असतं आणि पहिला स्फटिक वरच जन्मतो, छोटा घन. मिठाची घनता २.१६, संपृक्त द्रावणाची १.२, म्हणजे तो बुडायला हवा. पण पाण्याचा पृष्ठताण त्याच्या वरच्या कडांना धरून ठेवतो. वजनाने तो किंचित खाली जातो, आणि आता वाढ होते ती पाण्याच्या पातळीला लागून असलेल्या चार कडांवर. तिथे चौकोनी चौकट तयार होते. वजन वाढतं, आणखी खाली जातो, नवी चौकट आधीपेक्षा मोठी. असं पायरीपायरीने होत उलटा पोकळ पिरॅमिड. वाऱ्याची झुळूक आली की पृष्ठताण मोडतो आणि तो तळाला जातो. म्हणून वारा पडलेली दुपार.

आता तासिका. संपृक्त द्रावणाचा एक थेंब काचपट्टीवर ठेवा. थेंब लहान हवा, मसुरीएवढा. वर झाकणकाच ठेवू नका, पाणी उडायला वाट हवी. सर्वात कमी वर्धनाच्या भिंगाखाली, साधारण ४० पट, थेंबाची कड शोधा. मधोमध बघायचं नाही, कडेलाच बघायचं, कारण थेंब कडेला पातळ असतो, तिथलं पाणी लवकर उडतं आणि तिथेच पहिला चौकोन येतो. कोकणात जुलैत थेंब सुकणार नाही, तर काचपट्टी आधी त्या बल्बच्या खोक्यात कोमट करून घ्या, किंवा शेजारी पिवळ्या बल्बचा टेबललॅम्प लावा. काही मिनिटांत पहिले ठिपके दिसतात, ठिपक्यांचे चौकोन होतात, आणि मग मुलं ओरडतात. प्रत्येक शिबिरात ओरडतात. काही नसलेल्या जागी सरळ रेषा आणि काटकोन उगवताना बघणं याला दुसरं काही तोडीचं नाही, मला तरी वाटत नाही.

काय बघायला सांगावं: सगळ्यांचे कोपरे सारखे आहेत का. काही लांबट असतील, काही चपटे, पण कोन काटकोनच. निकोलस स्टेनोने १६६९ मध्ये हेच स्फटिकांबद्दल मांडलं, आकारमान बदललं तरी पृष्ठांमधले कोन बदलत नाहीत. मग वेग. हळू वाढलेले चौकोन नितळ दिसतात. थेंब घाईत सुकला की चौकोनाच्या मधोमध पायऱ्यांचा खड्डा दिसतो, कारण कडा आणि कोपऱ्यांना द्रावणातून माल जास्त मिळतो आणि पृष्ठाचा मध्य मागे पडतो. काही चौकोनांत फुली दिसते, ती आत अडकलेल्या खाऱ्या पाण्याच्या बारीक कप्प्यांची. एकाच थेंबात कडेचे आणि मधले स्फटिक वेगळे का, हा प्रश्न मुलांवर सोडा.

फोटोआधी चित्र काढायला लावा. हे मी आग्रहाने सांगतो. मोबाइल डोळ्याला लावला की मूल बघणं थांबवतं. पेन्सिलीने चौकोनाची कड काढायला गेलं की त्याला दिसतं की एक कोपरा तुटका आहे, एक पायरी आहे. चित्र झालं की मग खुशाल मोबाइल.

सूक्ष्मदर्शक पुरत नसतील तर कागदी फोल्डस्कोपही चालतो, सुमारे १४० पट मोठं दाखवतो. फक्त थेंब ओला असताना भिंग त्याला टेकू देऊ नका.

चिकूवाडी | १४ जुलै, सकाळी ९:००

वाचनखूण साठवली. भिंगवाला, प्रतिसाद काय लिहिलाय!

माजघर | १४ जुलै, दुपारी ४:२०

अडकलेल्या पाण्याचं वाचलं आणि विचारावंसं वाटलं. दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या विस्तवात टाकतो तेव्हा खडे मीठ तडतडतं. तडतडलं म्हणजे दृष्ट लागली होती म्हणतात. त्याच्यामागे हेच पाणी का?

रसायनी | १४ जुलै, सायंकाळी ६:४०

अगदी हेच. खडा वाढताना त्याच्या पोटात खाऱ्या पाण्याचे कप्पे बंद होतात. विस्तवात त्याची वाफ होते, बाहेर पडायला वाट नसते, खडा फुटतो. पुड्यातलं बारीक मीठ त्या मानाने फारच कमी तडतडतं. प्रयोगशाळेत बघायचं असेल तर परीक्षानळीत खडे मीठ घालून तोंडाला सैल कापूस लावा, नळी कोणाच्याही दिशेने न धरता चिमट्याने तापवा, डोळ्यांना चष्मा. आवाज येतो आणि वरच्या गार काचेवर पाण्याचे थेंब जमतात. हे पाणी आणि मोरचुदातलं स्फटिकजल यांत फरक आहे, हे इथेच सांगावं. मोरचुदातलं पाणी त्याच्या रचनेचाच भाग आहे, प्रत्येक घटकामागे पाच रेणू, तापवलं की निळा रंग जाऊन पांढरी पूड उरते. मिठाच्या रचनेत पाणी नाही, ते फक्त अडकलेलं आहे. परीक्षेत मुलं इथे हमखास गोंधळतात.

सांगलीचा_मळा | १५ जुलै, सकाळी ६:१५

मोरचुदाचा विषय निघाला म्हणून. आम्ही द्राक्षवाले, बोर्डो मिश्रणासाठी (मोरचूद-चुन्याची बुरशीनाशक फवारणी) घरात मोरचुदाची पोती असतात. मुलं "निळा स्फटिक करू" म्हणून तोच उचलतात. तो विषारी आहे, पोटात जाता कामा नये. घरातली भांडी वापरू नयेत, हातमोजे हवेत, आणि उरलेलं पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये, माशांना फार घातक. लोखंडी किंवा पत्र्याच्या डब्यात तर करूच नये, लोखंडावर तांबं चढतं आणि डबा खातं. काच किंवा प्लास्टिक. लहान वर्गांना मीठ आणि तुरटीच बरी असं माझं स्पष्ट मत आहे.

चंचुपात्र | १५ जुलै, दुपारी १२:१०

+१. आठवीपर्यंत मोरचूद शिक्षकाने हाताळावा, मुलांनी बघावा.

जालक | १५ जुलै, रात्री १०:३०

एक गोष्ट राहू नये म्हणून लिहितो. मुलं विचारतात, "चौकोनच का?" त्याचं उत्तर ज्या प्रयोगातून मिळालं त्याचा इतिहास शाळेत सांगण्याजोगा आहे.

१९१२ मध्ये म्युनिकला माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी एका स्फटिकातून क्ष-किरण सोडले आणि मागच्या फोटोपट्टीवर ठिपके उमटले. तो पहिला स्फटिक मोरचुदाचा होता, वरच्या प्रतिसादात पोत्यात आहे तोच. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, विल्यम ब्रॅग आणि त्यांचा मुलगा लॉरेन्स यांनी अशाच तंत्राने मिठाच्या आतली मांडणी उलगडली. सोडियम, क्लोरीन, सोडियम, क्लोरीन, तिन्ही दिशांना आलटून पालटून, एकमेकांपासून ०.२८ नॅनोमीटरवर. बापलेकाला १९१५ चं नोबेल मिळालं तेव्हा लॉरेन्स २५ वर्षांचा होता.

या मांडणीत मिठाचा सुटा रेणू कुठेच नाही. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. कोण कोणाचा जोडीदार, हे सांगताच येत नाही. हे त्या काळच्या काही रसायनशास्त्रज्ञांना अजिबात रुचलं नाही. हेन्री आर्मस्ट्राँग यांनी तर १९२७ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनंतरही, 'नेचर'मध्ये पत्र लिहून या बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडणीवर कडाडून टीका केली होती. आजही फळ्यावर आपण "मिठाचा एक रेणू" लिहितो. बाईंनी तो शब्द टाळावा आणि का टाळला ते सांगावं, अशी विनंती.

मुलांना करायला एक गणित देतो. १ मिमी बाजूच्या मिठाच्या घनात एका कडेला सुमारे ३५ लाख आयन मावतात. बाजू दिवसाला १ मिमीने वाढली, म्हणजे प्रत्येक पृष्ठ अर्ध्या मिमीने पुढे सरकलं, तर दर सेकंदाला त्या पृष्ठावर साधारण २० थर चढतात. तुमच्या भिंगाखालच्या थेंबात तर हा वेग कितीतरी जास्त असतो. एवढ्या वेगातही रांग चुकत नाही, म्हणून बाहेरून काटकोन दिसतो. आणि घाई फार झाली की पाण्याचे कप्पे आत अडकतात.

स्वरालीची आई | १६ जुलै, सकाळी ८:३०

गणित स्वरालीला दाखवलं, ती वहीत करत बसली आहे. तिचा उलटा प्रश्न: १ सेंटीमीटरचा घन हवा असेल तर किती पाणी उडावं लागेल?

जालक | १६ जुलै, सकाळी ९:४५

तिला शाबासकी. १ घन सेंटीमीटर मीठ म्हणजे २.१६ ग्रॅम. १ मिली पाणी उडालं की ०.३६ ग्रॅम मीठ सुटतं. भागाकार केला की ६ मिली. बीकरमधलं फक्त सहा मिली पाणी उडालं तरी पुरे, अट एकच, सुटलेलं सगळं मीठ त्या एकाच घनावर बसलं पाहिजे. प्रत्यक्षात ते तळाशी, काठावर, तंगुसावर वाटलं जातं. नवे कण धरू नयेत यासाठीची सगळी खटपट याचसाठी.

सागरगोटा | २९ जुलै, रात्री ९:५०

उशिरा आले, चाचणी परीक्षा होत्या. खोकं झालं. शाळेचं जुनं नकाशांचं कपाट होतं, त्याच्या खालच्या कप्प्यात वायरमनने बल्ब बसवून दिला, वर-खाली भोकं पाडली. आत ३४-३५ अंश राहतात. खुणेच्या वर गेलेली पातळी आधी खुणेवर आली, मग खाली, आणि आता तळाशी वड्या आहेत. निम्म्या उंचीचं कोडं एका गटाने सोडवलं, दुसरा गट अजून भांडतो आहे की बीकरचा तळ थंड असतो म्हणून तसं होतं. मी उत्तर दिलेलं नाही. ते बीकर उलटसुलट जागी ठेवून तपासणार आहेत.

थेंबाचा तास मात्र सगळ्यांत सरस झाला. चित्रं आधी, मोबाइल नंतर, हा नियम पाळला. एका मुलाने पायऱ्यांचा खड्डा इतका नेमका काढला की ती वही मी शिक्षकखोलीत सगळ्यांना दाखवली. तो मुलगा एरवी विज्ञानाच्या तासाला खिडकीबाहेर बघत असतो.

आता तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाची चर्चा आहे. मुख्याध्यापकांना मोठा, चमकदार स्फटिक हवा आहे. मला थेंब आणि वजनाचा आलेख मांडायचा आहे. तुमचं काय मत?

भिंगवाला | २९ जुलै, रात्री १०:२०

आलेख आणि थेंब. किनाऱ्यावरच्या शाळेने जुलैच्या हवेत मीठ मोजलं हे तुमच्या मुलांचं स्वतःचं काम आहे. मोठा स्फटिक परीक्षक चारदा बघून आलेले असतात.

आणखी एक जोड देतो. लॅपटॉपचा पडदा पांढरा करून त्यातून येणारा प्रकाश वापरा, तो ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच दिशेत असतात. काचपट्टी पडद्यासमोर धरा आणि ध्रुवक (पोलरॉइड) गॉगलच्या काचेतून बघत गॉगल फिरवा. एका स्थितीत पडदा काळा होतो. त्या काळ्या पडद्यावर मिठाचे स्फटिक काळेच राहतात, साखरेचे किंवा युरियाचे मात्र उजळतात, काही रंगीत दिसतात. मिठाची मांडणी तिन्ही दिशांना सारखी, म्हणून प्रकाशाला त्यात सगळ्या दिशा सारख्या. जालकांनी सांगितलेल्या मांडणीतला तिन्ही दिशांचा सारखेपणा इथे साध्या डोळ्यांनी तपासता येतो.

चंचुपात्र | ३० जुलै, दुपारी १:००

मला दोन्ही हवं. मुख्याध्यापकांना तुरटीचा मोठा अष्टफलक (आठ त्रिकोणी पृष्ठांचा स्फटिक) करून द्या, तो सोपा आहे, आणि मिठाच्या घनाशेजारी ठेवा. एकाच्या पृष्ठांत ९० अंश, दुसऱ्याच्या १०९.५. कोनमापक शेजारी ठेवून परीक्षकांनाच मोजायला सांगा. मोठा स्फटिक नुसता शोभेला राहणार नाही.

आगरातली | ३० जुलै, रात्री ९:३०

पिरॅमिडचं उत्तर आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, वारा सुटला की साय बुडायची, म्हणून आजोबा संध्याकाळी वाऱ्याची वाट बघायचे, बुडलेल्या सायीवर तळाचं मीठ धरायचं. सागरगोटाताई, डिसेंबरनंतर मुलांना एखादं चालू मिठागर दाखवता आलं तर बघा. सकाळी लवकर नको, दुपारी न्या.

सागरगोटा | ३० जुलै, रात्री १०:१०

नक्की नेणार. चंचुपात्र, दोन्ही मांडू, मुख्याध्यापक तयार झाले आहेत. शेवटचा प्रश्न: प्रदर्शन ऑगस्टअखेर, तोवर स्फटिक टिकवायचे कसे?

चंचुपात्र | ३१ जुलै, सकाळी ७:४५

मिठाचं एका प्रकारे, तुरटी-मोरचुदाचं दुसऱ्या. मिठाचा स्फटिक द्रावणातून काढला की टिपकागदाने लगेच कोरडा करा, पाण्याने धुऊ नका, आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. तळाशी भाजलेल्या तांदळाचा थर, वर कागद, वर स्फटिक. तांदूळ आठवड्याला परत भाजा. नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात, मुलांना घरून आणायला सांगा, त्या तांदळाहून खूप चांगल्या.

तुरटी आणि मोरचूद यांचं उलट. त्यांचं पाणी रचनेतलंच, म्हणून त्यांना फार कोरडं ठेवलं तर पृष्ठ पांढरं पडतं. त्या बरणीत तांदूळ किंवा जेल घालू नका. दोघांनाही नखांना लावायच्या बिनरंगी पॉलिशचे दोन पातळ हात द्या, पहिला पूर्ण सुकल्यावर दुसरा. तंगूस काढू नका, त्याला धरूनच रंगवा आणि तसाच टांगून सुकवा. प्रदर्शनाच्या टेबलावर मिठाची बरणी बंदच राहू द्या. परीक्षकांना हातात घ्यायला तुरटीचा द्या.